पेराएवढा अमोनाइट सापडला तर काय करायचं? प्रोमायक्रोसेरस शोधण्यापासून डबीत ठेवण्यापर्यंत

अमोनाइट म्हणजे गोल वेटोळ्या शंखाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा फॉसिल, आणि दोन सेंटीमीटरचा असा एखादा हातात आला की बहुतेक लोक एकच वाक्य टाकतात, अरे हे तर पिल्लू. मग ते खिशात जातं, घरी जातं, खिडकीत बसतं, आणि काही महिन्यांनी बघावं तर त्याचा पांढरट भुगा झालेला असतो. पिल्लू आहे की वयात आलेला प्राणी आहे हे घरी बसून बघता येतं, त्याला लॅब वगैरे काही लागत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक व्हर्नियर कॅलिपर आणि थोडा पेशन्स एवढं पुरतं. आणि भुगा होणं कायमचं थांबवता नाही आलं तरी बऱ्यापैकी लांबवता येतं.

इथे प्रोमायक्रोसेरस धरून सांगतो, कारण लहान अमोनाइट म्हटलं की हा सगळ्यात सोयीचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, चारमथ आणि लाइम रीजिसच्या मधल्या कड्यांतून तो भरपूर येतो. काळ सुरुवातीच्या जुरासिकचा, सिनेम्युरियन म्हणतात त्या टप्प्याचा, म्हणजे ढोबळमानाने साडेएकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा. सगळ्यात जास्त भेटणारी जात प्रोमायक्रोसेरस प्लॅनिकोस्टा, हिचं वर्णन जेम्स सॉवरबीने १८१४ मध्ये केलं, तेव्हा सगळेच अमोनाइट एकाच अमोनाइट्स नावाखाली जायचे, वेगळी जीनस, म्हणजे जातींचा गट, खूप नंतर झाली. आकार बहुतेक वेळा दोन-तीन सेंटीमीटरच्या आतच.

कुठे आणि कधी जायचं

चारमथच्या बीचवर चार नावाची छोटी नदी समुद्राला मिळते. तिथून पश्चिमेला, लाइम रीजिसच्या दिशेने, ब्लॅक व्हेनचा काळाकुट्ट घसरता डोंगर आहे आणि पूर्वेला स्टोनबॅरो. हा सगळा चिखलाचा दगड आहे हो, मडस्टोन, पावसाने फुगतो आणि दरडीसारखा खाली येतो, मग समुद्र ते धुऊन नेतो आणि आतले जड तुकडे बीचवर मागे राहतात. म्हणून उन्हाळ्यातल्या छान सुट्टीच्या दिवशी गेलात तर फक्त माणसं दिसतील, हिवाळ्यात एखादं वादळ होऊन गेल्यावर जा.

भरतीचं वेळापत्रक आधी बघायचं, यात आळस नको. ओहोटी सुरू असताना चालायला लागायचं आणि पाणी वळायच्या आत परत फिरायचं, कारण मागे कडा आणि पुढे समुद्र अशी जागा आहे, वर चढून जाऊ म्हणाल तर वर चिखल, त्यात माणूस कमरेपर्यंत रुततो. कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाणारी मंडळी नेहमी दिसतात, त्यांच्यातले होऊ नका, वरून दगड सांगून येत नाहीत.

नियम पण आहेत. हा किनारा २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि पश्चिम डॉर्सेटसाठी फॉसिल गोळा करण्याची आचारसंहिता आहे, तिचा मतलब असा की बीचवर सुटं पडलेलं उचला, कड्यात बसलेलं खणू नका, आणि शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचं काही सापडलं तर कळवा, त्याची नोंद होते. प्रोमायक्रोसेरस इतका कॉमन आहे की त्याची नोंद करायला कोणी लावणार नाही, पण हाडबिड दिसलं तर बीचलगतच्या चारमथ हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये जाऊन दाखवा, तिथली माणसं ओळखायला मदत करतात. आणि लाइम रीजिसच्या पलीकडे मॉनमथ बीचवर खडकाच्या लाद्यांत जे परातीएवढे अमोनाइट दिसतात ते फक्त बघायचे, तिकडे हातोडी काढायची नाही.

नजर कुठे ठेवायची

दोन प्रकारे सापडतो आणि दोघांची पुढची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी आहे, त्यामुळे हे नीट वाचा.

पहिला प्रकार पायराइटचा, म्हणजे लोह आणि गंधकाच्या पितळी चकाकीच्या खनिजाचा. बारीक, पितळेच्या रंगाचा किंवा काळपट झालेला, नखाएवढा. पायराइट जड असतं म्हणून हे तुकडे वाळूत सगळीकडे विखुरलेले नसतात, लाटा त्यांना बारीक खडीच्या पट्ट्यात आणून टाकतात, मोठ्या दगडांच्या मागे, छोट्या खळग्यांत. जिथे पायराइटचे ओबडधोबड तुकडे आणि बेलेम्नाइटच्या, म्हणजे स्क्विडसारख्या जुन्या प्राण्याच्या, बंदुकीच्या गोळीसारख्या कांड्या दिसतात तिथेच गुडघे टेकायचे. उभ्याने चालत शोधणाऱ्याला हे मिळत नाहीत, त्याला बेलेम्नाइट मिळतात. एक हातभर जागा पकडा आणि तेवढीच बारकाईने बघा, नजर एकदा सरावली की गोल वेढा आपोआप दिसायला लागतो.

दुसरा प्रकार कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडी ज्याची बनते त्या खनिजाचा, करड्या चुनखडीच्या गोट्यात बंद. गोटा बाहेरून काहीच सांगत नाही, तरी कधी कधी कडेला वेढ्याचा तुकडा किंवा बरगड्यांची ओळ उघडी पडलेली असते, असाच गोटा घ्या. दिसेल तो गोटा फोडत सुटणारे लोक असतात, त्यांच्या हाती शेवटी खडी लागते. फोडायचाच असेल तर जिऑलॉजिकल हातोडी वापरा, घरातली सुतारकामाची नको, तिचा टवका उडतो, आणि गॉगल लावल्याशिवाय एक घाव पण घालायचा नाही. अमोनाइट मधोमध तुटला तर दोन्ही बाजू आणि पडलेली प्रत्येक कपची गोळा करा, तिथल्या तिथे एका पिशवीत टाका, घरी जोडता येतं.

उचलल्या उचलल्या पिशवीवर तारीख, जागा, आणि नदीच्या कुठल्या बाजूला किती अंतरावर हे लिहा. डब्ल्यू. डी. लँग नावाचे ब्रिटिश म्युझियमचे क्यूरेटर रिटायर होऊन चारमथलाच राहायला आले होते, त्यांनी या कड्यांतल्या थरांना नंबर दिले ते आजही वापरतात. बीचवर सुटा सापडलेला नमुना नक्की कुठल्या थराचा हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, तर तसंच लिहायचं, 'सुटा, बीचवर'. अंदाजाने थर लिहून टाकणं हे काहीच न लिहिण्यापेक्षा वाईट.

हा प्रोमायक्रोसेरसच आहे का

आधी काही शब्द ठरवून घेऊ. गोल गोल फिरणारा प्रत्येक फेरा म्हणजे वेढा, मधला खोलगट भाग म्हणजे बेंबी, आडव्या उंचवट्याच्या रेघा म्हणजे बरगड्या, आणि वेढ्याची बाहेरची कड, जी गाडीच्या टायरसारखी जमिनीला लागेल, तिला बाहेरची कड असंच म्हणू.

सगळे जण बाजूने फोटो काढतात आणि विचारतात हा कोणता. बाजूने अर्धीच माहिती मिळते. फॉसिल उभा धरा आणि बाहेरची कड बघा, उजेड तिरका पाडा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तरी चालतो. प्रोमायक्रोसेरसच्या बरगड्या बाजूवर ठसठशीत, सरळसोट, एकेकट्या असतात, फाटे फुटत नाहीत, आणि बाहेरच्या कडेवरून पलीकडे जाताना त्या रुंद आणि चपट्या होतात. मधोमध कणा नसतो, खाच नसते. वेढे एकमेकांना जेमतेम शिवतात, झाकत नाहीत, त्यामुळे बेंबी उघडी आणि आतले सगळे वेढे दिसतात.

आता त्याच बीचवरचे बाकीचे. एकिओसेरस पण असाच उघड्या वेढ्यांचा, पटकन फसवतो, पण त्याचे वेढे पुष्कळ असतात आणि बाहेरच्या कडेवर मधोमध बारीक कणा असतो, शिवाय तो थोड्या वरच्या थरातला. ऑक्सिनोटिसेरस ओळखायला सगळ्यात सोपा, चपटा आणि कडेला सुरीसारखी धार, आतले वेढे जवळपास झाकलेले. अॅस्टेरोसेरस प्रोमायक्रोसेरसच्या सोबतच सापडतो, एकाच गोट्यात दोघं शेजारी असू शकतात, तो खूप मोठा होतो पण त्याचं पिल्लू मात्र लहानच असणार ना, तर तिथे बाहेरच्या कडेवर कणा आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना खाचा आहेत का बघायचं. आहेत तर तो प्रोमायक्रोसेरस नाही, विषय संपला. कड झिजलेली असेल तर नुसतं 'अमोनाइट' लिहा आणि पुढे चला, ओढूनताणून नाव देऊ नका.

पिल्लू की मोठा

इथे जरा वेळ देऊ, कारण बाकी सगळी साफसफाई याच्यासाठीच आहे.

अमोनाइटच्या शंखाचे दोन भाग असतात. आतला भाग पडद्यांनी छोट्या छोट्या कप्प्यांत वाटलेला, हे कप्पे प्राणी तरंगायला वापरायचा, आणि शेवटचा भाग मोकळा, बिनपडद्याचा, त्यात प्राणी स्वतः राहायचा. त्याला राहती खोली म्हणू. प्राणी वाढला की पुढे सरकायचा आणि मागे नवा पडदा घालायचा. पडदा शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतो तिथे एक नक्षीदार नागमोडी रेघ पडते, तिला शिवण म्हणतात. वरचं कवच गेलेलं असेल तरच शिवण दिसते, कवच शाबूत असेल तर ती खाली झाकलेली असते.

मग करायचं काय, भिंगाखाली फॉसिलच्या तोंडाकडून सुरुवात करा आणि मागे मागे जात पहिली शिवण कुठे लागते ते बघा. अर्धा-पाऊण वेढा किंवा जास्त मोकळा गेला आणि मग शिवण लागली, तर राहती खोली तुमच्या हातात आहे, छान. पण तोंडाच्या टोकापर्यंत शिवणच शिवण असेल तर राहती खोली तुटून गेली आहे, म्हणजे तुमच्याकडे आहे तो फक्त आतला गाभा आणि प्राणी याच्यापेक्षा बराच मोठा होता. पायराइटच्या नमुन्यांत हे सारखं होतं, कारण आतले बंद कप्पे पायराइटने भरून टणक झाले आणि बाहेरची राहती खोली चिखलात चेपून गेली. 'किती बारीक अमोनाइट' म्हणून जे कौतुक होतं त्यातले कितीतरी असे गाभेच असतात.

गाभा असेल तर मूळ आकाराचा अंदाज काढता येतो. मध्यातून जाणारा व्यास मोजा, समजा १२ मिलिमीटर आला. आता त्याच रेषेवर एक पूर्ण वेढा आत जाऊन तिथला व्यास मोजा, समजा ६ आला. म्हणजे एका वेढ्यात प्राणी दुप्पट होतोय. राहती खोली साधारण एक वेढा धरली तर पूर्ण शंख २४ मिलिमीटरच्या आसपास. खोली एक वेढ्यापेक्षा कमी असेल तर आकडा खाली येईल, म्हणून याला अंदाजच म्हणायचं, लेबलवर पण 'अंदाजे' लिहायचं. आणि तो आकडा सुद्धा किमान आकडा, कारण गाभ्याचे शेवटचे काही कप्पे पण तुटून गेलेले असू शकतात.

राहती खोली आहे, ठीक, पण प्राणी वयात आला होता का? सगळ्यात भरवशाची खूण शेवटच्या शिवणींत असते. वाढत्या वयात पडदे ठराविक लयीत अंतर वाढवत जातात, आणि वाढ थांबत आली की शेवटचे दोन-तीन पडदे एकदम जवळ जवळ पडतात, गर्दी झाल्यासारखे. तशी गर्दी राहत्या खोलीच्या अगदी मागे दिसली तर प्राणी मोठा झालेला होता, मग तो दोन सेंटीमीटरचा का असेना. दुसऱ्या खुणा म्हणजे शेवटच्या भागात बरगड्यांची ठेवण बदलणं, वेढा किंचित सैल सुटणं, तोंडाची कड वेगळी होणं. यातली एकटी खूण बघून निकाल देऊ नका, कारण आजारी किंवा जखमी प्राण्यात पण बरगड्या बिघडतात.

यात अजून एक गंमत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला माकोव्स्की आणि कॅलोमन या दोन अमोनाइट-अभ्यासकांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की अमोनाइटच्या अनेक जाती मोठा आणि लहान अशा जोडीने येतात, आतले वेढे सारखे, फक्त एक लवकर थांबतो आणि एक वाढत जातो, आणि ही जोडी म्हणजे नर-मादी असावी. मोठी ती मादी असं बहुतेक जण मानतात. त्यामुळे वयात आलेला लहान अमोनाइट दिसला म्हणजे ती जातच लहान असं लगेच नाही होत, त्याची मोठी जोडीदारीण वेगळ्या नावाने शेजारच्या ड्रॉवरमध्ये बसलेली असू शकते.

साफ कसं करायचं

पायराइटवाला असेल तर आधी मीठ काढायचं. साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, काही दिवसांनी शेवटचं पाणी डिस्टिल्ड. जुन्या टूथब्रशने चिखल काढा, पितळी ब्रशने चमकवायचा मोह होतो, हलक्या हाताने चालेल पण शिवणी पुसट होतील इतकं नको. मग पूर्ण सुकवा, आणि पूर्ण म्हणजे पूर्ण, बेंबीच्या खोलगट भागात पाणी अडकून राहतं तेच पुढे घात करतं.

व्हिनेगर किंवा कुठलंही अॅसिड वापरू नका. कॅल्साइटचा फॉसिल तर त्यात दगडासोबतच विरघळेल, दोघं एकाच जातीचे ना.

गोट्यातल्या कॅल्साइटवाल्याला एअर पेन लागतं, म्हणजे हवेच्या दाबाने सुईसारखं टोक वेगाने ठोकणारं हत्यार, कॉम्प्रेसरवर चालतं. महाग प्रकरण आहे, एक-दोन फॉसिलसाठी घेऊ नका, कोणाकडे असेल तर बसून शिका. तुटलेले तुकडे आधी पातळ सुपरग्लूने जोडून घ्या, मग काम सुरू, उलटं केलंत तर कडा खराब होऊन तुकडे बसत नाहीत. टोक तिरकं धरायचं आणि बाहेरच्या वेढ्यापासून बेंबीकडे यायचं. दगड करडा किंवा काळसर आणि शंख तपकिरी, त्यामुळे रंग बदलला की हात थांबला पाहिजे. बऱ्याच गोट्यांत दगड शंखाच्या पृष्ठभागावरून कपची होऊन सुटतो, त्या क्षणाची वाट बघायची, घासत बसायचं नाही. शेवटचा पातळ थर राहिला की एअर अॅब्रेझिव्ह, म्हणजे बारीक पावडरचा फवारा, खायच्या सोड्यासारखी मऊ पावडर आधी आणि अगदीच हटला नाही तर लोखंडाची. बेंबीतला दगड सगळ्यात शेवटी काढा, आतले वेढे नाजूक असतात. मास्क लावा, धूळ ओढून घेणारा बॉक्स असेल तर उत्तम, ही धूळ फुप्फुसात जायला नको.

कवच शाबूत असेल तर शिवण बघायला म्हणून ते उडवू नका. त्याच गोट्यात एखादा अर्धा फुटलेला भाऊबंद असतोच, त्याच्यावर बघा. आडव्या तुटलेल्या नमुन्यात तर अजून सोपं, बंद कप्प्यांत कॅल्साइटचे स्वच्छ स्फटिक भरलेले असतात आणि राहत्या खोलीत, ती उघडी असल्यामुळे, चिखल शिरलेला असतो, जिथे स्फटिक संपून करडा चिखल सुरू झाला तिथे शेवटचा पडदा. सॉमरसेटमधल्या मार्स्टन मॅग्ना गावचा जो जुना पॉलिश केलेला दगड म्युझियममध्ये दिसतो, ज्याला मार्स्टन मार्बल म्हणतात, तो प्रोमायक्रोसेरसने नुसता खच्चून भरलेला आहे, शेकडो एकत्र, आडवेतिडवे कापलेले, तिथे हे सगळं एका नजरेत कळतं.

ठेवायचं कसं

कॅल्साइटवाल्याचं काही टेन्शन नाही, डबीत कापूस आणि लेबल, झालं.

पायराइट मात्र हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन घेऊन हळूहळू लोहाचं सल्फेट आणि सल्फ्युरिक अॅसिड तयार करतं, फुगतं, भेगा पडतात, पांढरी-पिवळसर पावडर सुटते, आंबूस वास येतो. दमटपणा ६० टक्क्यांच्या वर गेला की हे जोरात चालतं, म्हणून ५० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि सुकल्यावर अॅसिटोनमध्ये पातळ केलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा, म्हणजे पारदर्शक अॅक्रिलिक राळेचा, एक हात. हा थर म्हणजे चिलखत नाही हं, ओलावा हळू आत जातो एवढंच, कोटिंग केलं म्हणून उघड्यावर ठेवलं तर काही दिवसांनी थराच्या आतूनच पावडर दिसायला लागेल. काम करताना खिडकी उघडी आणि जवळपास पेटतं काही नको, अॅसिटोन भडकतं.

पायराइट आणि कॅल्साइट एका डब्यात कधीच ठेवू नका, एकाचं अॅसिड दुसऱ्याला खातं. तेच अॅसिड कागद पण जाळतं, लेबल तपकिरी होऊन तुटलेलं दिसलं तर फॉसिल बिघडायला लागलाय समजा, त्याला लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. म्हणून लेबलची एक कॉपी वहीत किंवा मोबाईलवर, त्यात जागा, तारीख, व्यास, राहती खोली आहे की नाही, आणि शेवटच्या शिवणींत गर्दी दिसली की नाही एवढं असू द्या, शिवाय बाजूचा आणि बाहेरच्या कडेचा असे दोन फोटो, सोबत मोजपट्टी ठेवून. सिलिका जेलचा रंग बदलला की पुडी बदला, रंग न बदलणारी असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत टाका.